मेडिकेडमध्ये मॅनेज्ड केअर आणताना: निर्णयापासून पहिल्या वर्षापर्यंतचे टप्पे

अमेरिकेतील गरीब कुटुंबे, गरोदर स्त्रिया, मुले, अपंग व्यक्ती आणि नर्सिंग होममध्ये राहणारे वृद्ध यांच्या उपचारांचा खर्च उचलणारी मेडिकेड ही सार्वजनिक योजना ३० जुलै १९६५ रोजी कायद्याने अस्तित्वात आली. तिचा पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात, पण ती चालवते राज्य. म्हणून पेनसिल्व्हेनिया आणि मिनेसोटा या राज्यांत तिला ‘मेडिकल असिस्टन्स’ म्हणतात, तर टेनेसीत ती ‘टेनकेअर’ या नावाने ओळखली जाते. सुरुवातीची अनेक वर्षे डॉक्टरने तपासले की बिल पाठवायचे आणि राज्याने ते भागवायचे, अशीच तिची रीत होती. मॅनेज्ड केअरमध्ये ही रीत बदलते. राज्य एखाद्या कंपनीला प्रत्येक लाभार्थ्यामागे दरमहा ठरलेली रक्कम देते आणि त्या रकमेत त्या माणसाच्या करारात बसणाऱ्या सर्व उपचारांची जबाबदारी त्या कंपनीने, म्हणजे प्लॅनने, घ्यायची असते. खर्च कमी झाला तर फायदा प्लॅनचा, वाढला तर तोटाही त्याचाच. आज मेडिकेडचे सुमारे तीन-चतुर्थांश लाभार्थी अशा प्लॅनमध्ये आहेत.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळालेल्या योजनेत शासनाने विमा कंपनीला कुटुंबागणिक हप्ता देण्याची पद्धत अवलंबली होती, त्यामुळे ही कल्पना मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. फरक इतकाच, आणि तो मोठा आहे, की ती योजना प्रामुख्याने ठरावीक शस्त्रक्रिया व रुग्णालयातील उपचारांपुरती होती. फॅमिली डॉक्टरच्या तपासणीपासून रोजच्या औषधांपर्यंत सगळे कंपनीच्या हाती सोपवण्याचा प्रश्न तिथे आला नाही. मेडिकेडमध्ये तो येतो. अमेरिकेत राज्यांच्या आरोग्य खात्यांसाठी संगणक प्रणाली, दरनिश्चिती किंवा रुग्णालयांची बिले सांभाळणारे मराठी लोक कमी नाहीत, आणि सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करणारे इथले विद्यार्थीही हा विषय वाचतात. त्या सर्वांना हे काम कोणत्या क्रमाने करावे लागते आणि कुठे अडते, हे कळावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करणे बरे. या कामात जे फसले, त्यांपैकी बहुतेकांनी सुरुवातीची तारीख आधी जाहीर केली आणि तयारी त्या तारखेत कोंबली. केंटकीने २०११ मध्ये तीन नव्या कंपन्यांशी करार केल्यावर काही महिन्यांतच, १ नोव्हेंबरला, जवळजवळ संपूर्ण राज्य मॅनेज्ड केअरखाली आणले. त्यानंतर डॉक्टर आणि रुग्णालये थकलेल्या बिलांच्या तक्रारी घेऊन विधिमंडळापर्यंत पोहोचली. आयोवाला १ जानेवारी २०१६ ही तारीख गाठायची होती, परंतु तयारी अपुरी असल्याचे सांगून केंद्राने ती आधी १ मार्च आणि मग १ एप्रिल अशी पुढे ढकलायला लावली. याउलट उत्तर कॅरोलिनात कायदा २०१५ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष सुरुवात १ जुलै २०२१ रोजी झाली. त्या उशिरामागे अर्थसंकल्पावरील राजकीय भांडण होते हे खरे, पण मिळालेला वेळ वाया गेला नाही.

पहिला टप्पा: हे कशासाठी, याचे लेखी उत्तर

विधिमंडळात बहुधा एकच कारण दिले जाते, ते म्हणजे बचत. बचत कुठून येऊ शकते हे मात्र कागदावर मांडून पाहावे. उपचारांचे प्रमाण घटले, उपचारांचा दर घटला किंवा कारभाराचा खर्च घटला, या तीन वाटांखेरीज चौथी वाट नाही. मेडिकेडचे डॉक्टरांना मिळणारे दर बहुतेक राज्यांत आधीच इतके कमी असतात की तिथे आणखी कात्री लावायला जागा उरत नाही. कारभाराचा खर्च तर वाढतोच, कारण राज्याच्या कचेरीसोबत आता प्रत्येक प्लॅनचीही कचेरी उभी राहते. राहता राहते उपचारांचे प्रमाण, आणि त्यातही टाळता येण्याजोगी रुग्णालय भरती व आपत्कालीन कक्षाच्या फेऱ्या. ज्या राज्यात हे प्रमाण मुळातच कमी आहे तिथे बचतीचे मोठे आकडे मांडणाऱ्या सल्लागाराला हिशेब मागावा.

बचतीपेक्षा अधिक भरवशाचे कारण म्हणजे खर्चाचा अंदाज आधी बांधता येणे. दर ठरलेला आणि लाभार्थ्यांची संख्या ढोबळमानाने माहीत असली की अर्थसंकल्प आखणे सोपे जाते. दुसरे चांगले कारण जबाबदारीचे आहे. जुन्या पद्धतीत एखाद्या मुलाचे लसीकरण राहून गेले तर जाब विचारायला कोणी नसते. करारात तसे लिहिले असेल तर प्लॅनला विचारता येते.

संपूर्ण जोखीम कंपनीवर टाकणे हाच एक पर्याय आहे असेही नाही. फॅमिली डॉक्टरला दरमहा छोटीशी रक्कम देऊन रुग्णाच्या पुढील उपचारांची सांगड घालायला सांगायची आणि बिले मात्र राज्यानेच भागवायची, हा सौम्य मार्ग अनेक ग्रामीण राज्यांनी वर्षानुवर्षे वापरला. कनेक्टिकटने तर उलटा प्रवास केला. १ जानेवारी २०१२ पासून त्याने जोखीम घेणाऱ्या कंपन्यांना निरोप दिला आणि ठरलेल्या शुल्कावर फक्त कारभार पाहणारी संस्था नेमली. ओक्लाहोमाने २००३ च्या अखेरीस पूर्ण जोखमीचे प्लॅन बंद केले आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सुरू केले. निर्णय दोन्ही बाजूंनी फिरवता येतो, पण प्रत्येक फेरफारात लाभार्थ्यांचे डॉक्टर बदलतात, हे विसरू नये.

दुसरा टप्पा: कोण आत, काय आत

आधी मुले, त्यांचे पालक आणि गरोदर स्त्रिया यांना घ्यावे. त्यांचे उपचार साधारणतः सारखे असतात आणि खर्चाचा अंदाज चुकण्याची शक्यता कमी असते. अपंग व्यक्ती, दीर्घकाळ घरी किंवा संस्थेत सेवा घेणारे वृद्ध आणि मेडिकेअर (वृद्ध व काही अपंगांसाठीची केंद्राची आरोग्य योजना) व मेडिकेड दोन्ही असलेले लोक यांना नंतर, तेही प्रदेशागणिक घ्यावे. पेनसिल्व्हेनियाने आपला ‘हेल्थचॉइसेस’ हा मॅनेज्ड केअर कार्यक्रम फेब्रुवारी १९९७ मध्ये फिलाडेल्फिया आणि आसपासच्या काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) सुरू केला, पिट्सबर्गचा भाग १९९९ मध्ये घेतला आणि उरलेले राज्य त्यानंतर. वृद्ध व अपंगांसाठीचा तसाच कार्यक्रम त्या राज्याने थेट २०१८, २०१९ आणि २०२० अशा तीन जानेवारींत तीन भागांत आणला. हा क्रम मला आजवर पाहिलेल्यांत सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण पहिल्या भागातील चुका दुसऱ्या भागाच्या करारात दुरुस्त करायला जागा राहते.

सेवांच्या बाबतीत चार ठिकाणी थांबून विचार करावा लागतो. मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती यांचे उपचार पेनसिल्व्हेनियाने वेगळे काढून काउंट्यांच्या देखरेखीखाली ठेवले. त्यामुळे त्या सेवांचा पैसा इतरत्र वळत नाही, पण एकाच रुग्णाची मधुमेहाची फाइल एकीकडे आणि नैराश्याची दुसरीकडे राहते. औषधांचा निर्णय पूर्वी जवळजवळ ठरलेलाच असे, कारण कंपन्यांमार्फत दिलेल्या औषधांवर औषध उत्पादकांकडून मिळणारी केंद्रीय सवलत राज्याला मिळत नव्हती. २०१० च्या आरोग्य कायद्याने ती मिळू लागली आणि अनेक राज्यांनी औषधे प्लॅनमध्ये घातली. पुढे कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये आणि न्यू यॉर्कने २०२३ मध्ये ती पुन्हा बाहेर काढली.

दातांचे उपचार हा तिसरा आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग. २००७ मध्ये मेरिलँडमध्ये बारा वर्षांच्या एका मुलाच्या दाताचा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचून त्याचा मृत्यू झाला. त्याच्या कुटुंबाला मेडिकेड स्वीकारणारा दंतवैद्य शोधताना किती हेलपाटे घालावे लागले, हे नंतर अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सुनावणीतही निघाले. त्यानंतर मेरिलँडने दंतसेवा सर्वसाधारण प्लॅनमधून काढून स्वतंत्र व्यवस्थेकडे दिली. चौथा भाग सामुदायिक आरोग्य केंद्रांचा. या केंद्रांना कायद्याने ठरलेला दर मिळायलाच हवा, आणि प्लॅनने कमी दिले तर उरलेली रक्कम राज्याला भरावी लागते. हे गणित दर ठरवण्याआधीच मांडले नाही तर पहिल्याच वर्षी अर्थसंकल्पात भोक पडते.

तिसरा टप्पा: केंद्राची परवानगी

इथे फार वेळ घालवण्याचे कारण नाही, कारण मार्ग ठरलेले आहेत. १९९७ च्या बॅलन्स्ड बजेट कायद्यानंतर बहुतेक लाभार्थ्यांना सक्तीने प्लॅनमध्ये घालण्यासाठी राज्याच्या आराखड्यात दुरुस्ती केली की पुरते. मात्र विशेष गरजा असलेली मुले, मूळ अमेरिकन आणि दोन्ही योजना असलेले लोक यांना त्या मार्गाने सक्ती करता येत नाही. त्यांच्यासाठी सोशल सिक्युरिटी कायद्याच्या १९१५(ब) किंवा १११५ या कलमांखाली सूट मागावी लागते. १९१५(ब) मध्ये खर्च वाढणार नाही हे दाखवावे लागते आणि १११५ मध्ये केंद्रावर ज्यादा भार पडणार नाही हे सिद्ध करावे लागते. दोन्हींत हिशेबाची पद्धत वेगळी आहे. बहुतांश भागांत लाभार्थ्याला किमान दोन प्लॅनमधून निवड मिळाली पाहिजे. जनसुनावणी आणि आदिवासी राष्ट्रांशी सल्लामसलत या गोष्टी औपचारिकता समजू नयेत, कारण हरकती तिथेच आधी कळतात.

चौथा टप्पा: दर ठरवणे

संपूर्ण कामाचा कणा हाच आहे. कायद्याप्रमाणे दर विमागणिताच्या कसोटीवर टिकणारा असला पाहिजे, पात्र ॲक्च्युअरीने (विमागणितज्ञाने) त्यावर सही केली पाहिजे आणि तो ज्या वर्षाला लागू होणार ते सुरू होण्याच्या ९० दिवस आधी तो केंद्राकडे गेला पाहिजे. दर फार कमी ठेवला तर प्लॅन उपचार अडवतात किंवा निघून जातात; फार जास्त ठेवला तर सार्वजनिक पैसा नफ्यात जातो.

हिशेब कसा होतो हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, जुन्या पद्धतीत एका गटातील माणसावर दरमहा सरासरी ३०० डॉलर खर्च होत होता. वर्षअखेरीची काही बिले अजून आलेली नसतात, म्हणून त्यात २ टक्के वाढवले, ३०६ झाले. आधारवर्ष आणि करारवर्ष यांच्यात दोन वर्षांचे अंतर आहे आणि खर्च दरसाल ४ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर आकडा ३३१ च्या आसपास जातो. प्लॅन रुग्णालय भरती कमी करतील म्हणून ५ टक्के वजा केले, ३१४ उरले. एकूण दरातील १० टक्के कारभार आणि नफ्यासाठी ठेवले, की दर सुमारे ३४९ डॉलर येतो. आता वाढीचा अंदाज ४ ऐवजी ६ टक्के धरला, तर तोच दर सुमारे ३६३ वर जातो. लाभार्थी दोन लाख असतील तर या एका गृहीतकाने वर्षाला सव्वातीन कोटी डॉलरचा फरक पडला. म्हणून ॲक्च्युअरीच्या अहवालातील शेवटचा आकडा वाचून थांबू नये. प्रत्येक गृहीतक वेगळे काढून, ते बदलले तर काय होते, हे खात्यातील माणसाने स्वतः करून पाहावे. एक साधी स्प्रेडशीट त्याला पुरते.

सर्वांना एकच दर देता येत नाही. वय, लिंग, प्रदेश आणि पात्रतेचा प्रकार यांनुसार गट पाडावे लागतात, आणि बाळंतपणासाठी दरमहा दरात पैसे न विरघळवता प्रसूती झाल्यावर एकरकमी रक्कम वेगळी द्यावी, म्हणजे गरोदर स्त्रियांना टाळण्याचे कारण प्लॅनला उरत नाही. आजारी लोक ज्या प्लॅनकडे जास्त गेले त्याला आजारांच्या नोंदीनुसार जास्त पैसे मिळण्याची सोय हवी. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार दर असा बांधावा लागतो की मिळालेल्या पैशांपैकी किमान ८५ टक्के उपचारांवर आणि गुणवत्तेवर खर्च होतील अशी रास्त अपेक्षा धरता यावी. तेवढा खर्च न झाल्यास फरक परत घ्यायचा की नाही, हे ठरवणे राज्याच्या हाती आहे. माझ्या मते ते करारात घातलेच पाहिजे.

एक सापळा मात्र पहिल्या वाचनात कोणाच्या लक्षात येत नाही. सार्वजनिक आणि मोठ्या रुग्णालयांना राज्ये नेहमीच्या बिलांखेरीज पूरक रक्कम देत असतात, आणि तिची मर्यादा जुन्या पद्धतीने भागवलेल्या बिलांवर मोजली जाते. लाभार्थी प्लॅनमध्ये गेले की ती बिले उरत नाहीत आणि पूरक रकमेचा पायाच निसटतो. रुग्णालयांचा विरोध अनेकदा तत्त्वाचा वाटतो, प्रत्यक्षात तो या पैशांसाठी असतो. टेक्सासने २०११ मध्ये १११५ खाली सूट घेऊन हा पैसा वेगळ्या निधीतून चालू ठेवला. रुग्णालयांशी ही चर्चा निविदेच्या आधी उरकावी.

पाचवा टप्पा: निविदा आणि करार

निविदेत गुण कशाला किती, हे आधी जाहीर असले पाहिजे आणि प्रत्येक मूल्यमापकाने गुणांमागचे कारण लिहून ठेवले पाहिजे, कारण हरलेली कंपनी न्यायालयात जाणार हे गृहीतच धरावे. कंपन्या किती घ्यायच्या, याला एकच उत्तर नाही. फार थोड्या घेतल्या आणि एक निघून गेली तर राज्य अडचणीत येते. फार घेतल्या तर प्रत्येक डॉक्टरला पाच-सहा प्रकारचे अर्ज आणि पाच-सहा औषधयाद्या सांभाळाव्या लागतात.

करारात पुढील बाबी संदिग्ध राहू देऊ नयेत. वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार म्हणजे काय, याची व्याख्या राज्याचीच असावी, आणि २१ वर्षांखालील मुलांसाठी केंद्रीय कायद्यातील व्यापक व्याख्या जशीच्या तशी असावी. बिनचूक बिलांपैकी ९० टक्के ३० दिवसांत आणि ९९ टक्के ९० दिवसांत भागवावीत. उपकंत्राटदाराने चूक केली तरी उत्तरदायी प्लॅनच राहील. प्रत्येक उपचाराची नोंद ठरलेल्या मुदतीत राज्याकडे येईल आणि ती न आल्यास दंड होईल. पुष्कळ राज्ये मासिक रकमेचा थोडा भाग रोखून ठेवतात आणि लसीकरण, प्रसूतीपूर्व तपासण्या अशा मोजमापांवर तो सोडतात. ही पद्धत चांगली आहे, पण निकष मोजकेच ठेवावेत. तीस निकषांवर पैसे अडवले तर प्लॅन त्यांतले मोजायला सोपे असतील तेवढेच सुधारतो.

सहावा टप्पा: डॉक्टरांच्या यादीची परीक्षा

प्लॅन नकाशावर ठिपके दाखवतात आणि प्रत्येक लाभार्थ्यापासून इतक्या मैलांत डॉक्टर आहे असे सांगतात. त्या ठिपक्यांवर विसंबू नये. केंद्रीय आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१४ च्या अहवालासाठी मेडिकेड प्लॅनच्या यादीतील १,८०० डॉक्टर व दवाखाने फोन करून तपासले. निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के ठिकाणी, लाभार्थ्याला वेळच मिळू शकत नव्हती. ३५ टक्के त्या पत्त्यावर सापडलेच नाहीत, ८ टक्के त्या प्लॅनमध्ये नव्हते आणि ८ टक्के नवे रुग्ण घेत नव्हते. जिथे वेळ मिळाली तिथेही चौथ्या हिश्श्याहून अधिक ठिकाणी महिन्याभराहून जास्त थांबावे लागत होते.

म्हणून राज्याने स्वतःच फोन करावेत. यादीतून यादृच्छिक नमुना काढावा. फोन करणाऱ्याने आपण राज्याकडून बोलतो आहोत असे न सांगता साध्या रुग्णासारखे विचारावे: “मला या प्लॅनचे मेडिकेड आहे, मुलाला ताप येऊन-जाऊन आहे, सर्वांत लवकरची वेळ कोणती?” उत्तर, तारीख आणि फोनवर किती मिनिटे थांबावे लागले, हे लगेच लिहून ठेवावे. हेच प्रश्न सायंकाळी पाचनंतर आणि स्पॅनिशमधूनही विचारावेत. २०२४ च्या केंद्रीय नियमांनी नेहमीच्या तपासणीसाठी कामकाजाचे १५ दिवस आणि मानसिक आरोग्यासाठी १० दिवस अशी कमाल मुदत घातली असून अशा गुप्त फोनचीही तरतूद केली आहे. ती अमलात यायला अवधी दिलेला आहे, परंतु नव्याने सुरुवात करणाऱ्या राज्याने तोवर थांबण्याचे कारण नाही.

सातवा टप्पा: सज्जतेची तपासणी

नवा कार्यक्रम सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी ही तपासणी सुरू करणे नियमाने बंधनकारक आहे. धोरणांच्या फाइली वाचणे हा तिचा सोपा भाग. अवघड भाग प्रत्यक्ष चालवून पाहण्याचा आहे, आणि माहिती तंत्रज्ञानात काम करणाऱ्यांचे महत्त्व इथे सर्वाधिक.

राज्याकडून प्लॅनकडे नावनोंदणीची ‘८३४’ फाइल जाते आणि डॉक्टरकडून बिलाची ‘८३७’ फाइल येते. चाचणीसाठी नेहमीची, सरळ प्रकरणे घेऊ नयेत. महिन्याच्या मध्यावर जन्मलेले बाळ, ज्याला अजून स्वतःचा क्रमांक मिळालेला नाही आणि जे आईच्या प्लॅनमध्ये धरले जायला हवे. विभक्त झालेल्या पालकांचे, दोन काउंट्यांत पत्ते असलेले मूल. पात्रता मागील तारखेपासून रद्द झालेला माणूस, ज्याच्यासाठी दिलेली रक्कम परत घ्यायची आहे. नाव आणि आडनावाची जागा बदललेला स्थलांतरित: अशी प्रकरणे प्रणालीतून जाऊ द्यावीत आणि शेवटी कोणाला किती पैसे गेले ते पाहावे. फाइल स्वीकारली गेली एवढ्याने चाचणी यशस्वी झाली असे मानू नये.

त्यानंतर प्लॅनच्या मदतकेंद्राला फोन करावेत. नियमानुसार तोंडी दुभाषाची सोय सर्व भाषांसाठी आणि मोफत हवी, केवळ मोठ्या भाषांसाठी नव्हे. ग्रीनकार्ड मिळून बहुधा पाच वर्षे उलटल्यावर मेडिकेडला पात्र ठरलेल्या एखाद्या मराठी आजींनाही फोनवर मराठी दुभाषा मागण्याचा अधिकार आहे. त्यांच्या नातवाने सुट्टी काढून भाषांतर करत बसण्याची गरज नाही. प्लॅनचा कर्मचारी तो दुभाषा किती मिनिटांत जोडून देतो, हेही तपासणीतच पाहावे.

या टप्प्याच्या अखेरीस ‘सुरुवात करायची की नाही’ हा निर्णय खरोखर खुला असला पाहिजे. तो कोण घेणार, कोणत्या निकषांवर घेणार, हे आधी लिहून ठेवावे. राज्यपाल तिथे निवडून आलेला राज्याचा प्रमुख असतो; त्याच्या कार्यालयाला तारीख प्रिय असते, आणि खात्यातील अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणता यावे यासाठी हा कागद हाताशी लागतो.

आठवा टप्पा: नावनोंदणी

१९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियात आगाऊ पैसे घेणाऱ्या प्लॅनचे दलाल दारोदार फिरून, खोटेनाटे सांगून लोकांच्या सह्या घेत असत. त्या बोभाट्यातून पुढे कडक नियम आले. आज प्लॅनला दारावर जाऊन किंवा न विचारता फोन करून प्रचार करता येत नाही, आणि निवडीत मदत करणाऱ्या संस्थेचा कोणत्याही प्लॅनशी आर्थिक संबंध असता कामा नये.

लाभार्थ्याला जाणारे पत्र एका पानाचे असावे आणि त्याच्या वरच्या भागात तीनच गोष्टी असाव्यात: काय बदलते आहे, कोणत्या तारखेपर्यंत निवड करायची आणि कुठे फोन करायचा. ‘तुमचे सध्याचे डॉक्टर कोणत्या प्लॅनमध्ये आहेत ते आधी विचारा’ हे वाक्य ठळक अक्षरांत हवे. बरेच लोक तरीही निवड करत नाहीत, म्हणून त्यांना आपोआप प्लॅन देण्याची पद्धत ठरवताना आधीचा डॉक्टर आणि घरातील इतरांचा प्लॅन यांना पहिले प्राधान्य द्यावे. पहिल्या ९० दिवसांत कारण न देता आणि पुढे वर्षातून एकदा प्लॅन बदलण्याचा हक्क लाभार्थ्याला आहे. सबळ कारण असेल तर केव्हाही.

नववा टप्पा: पहिले तीन महिने

ठरलेली शस्त्रक्रिया, चालू केमोथेरपी आणि शेवटच्या तिमाहीतील गरोदर स्त्रीचा डॉक्टर यांत खंड पडू नये म्हणून जुनी पूर्वमंजुरी ठरावीक काळ जशीच्या तशी मानण्याचे बंधन करारात असते. ते पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी राज्य, प्रत्येक प्लॅन आणि रुग्णालय संघटना यांची रोज सकाळी फोनवर बैठक घ्यावी आणि आदल्या दिवशी अडलेली प्रत्येक केस नाव न घेता मांडावी. औषधाच्या दुकानात काय घडते हे पहिल्या आठवड्यातच कळते, बिलांचे मात्र दुसऱ्या महिन्यात कळते. लहान दवाखान्यांकडे दोन महिने थकबाकी सोसण्याइतका पैसा नसतो, त्यामुळे त्यांना आगाऊ उचल देण्याची सोय आधीच करून ठेवावी.

नकारांवर बारकाईने लक्ष ठेवावे. महानिरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात ११५ प्लॅन तपासले होते. त्यांनी २०१९ मध्ये पूर्वमंजुरीच्या दर आठ विनंत्यांपैकी एक नाकारली होती आणि बारा प्लॅनचा नकाराचा दर २५ टक्क्यांहून अधिक होता. नाकारलेल्यांपैकी फार थोड्यांनीच अपील केले. नकाराच्या पत्रावरील तारखेपासून ६० दिवसांत प्लॅनकडे अपील करता येते, प्लॅनने ते ३० दिवसांत आणि तातडीचे असल्यास ७२ तासांत निकाली काढायचे असते, आणि त्यानंतर राज्याच्या सुनावणीचा मार्ग खुला राहतो. चालू असलेली सेवा तोडली जात असेल तर दहा दिवसांच्या आत अपील करून सेवा सुरू ठेवण्याची मागणी करता येते. ही छोटी मुदत लाभार्थ्यांना कोणीच सांगत नाही. राज्याने दर महिन्याला नाकारलेल्या विनंत्यांचा नमुना काढून आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

दहावा टप्पा: देखरेख, आणि प्लॅन निघून गेला तर

मॅनेज्ड केअर आले की खात्यातील माणसे कमी करता येतील, हा समज महागात पडतो. बिले तपासणारे कारकून कमी लागतील, पण करार, आकडेवारी आणि दर समजणारी माणसे जास्त लागतील, आणि त्यांचा पगार खासगी कंपन्या देतात त्याच्याशी तुलना होईल इतका नसला तर ती त्याच कंपन्यांत जातात. ॲरिझोना १९८२ मध्ये मेडिकेडमध्ये आले तेच मॅनेज्ड केअर घेऊन, आणि कारभारही एका खासगी कंपनीकडे सोपवून. १९८४ मध्ये राज्याला तो स्वतःकडे घ्यावा लागला. उपचारांच्या नोंदी अपुऱ्या आल्या तर दोन वर्षांनंतर दर कशावरून ठरवायचा, हाही प्रश्न उभा राहतो. म्हणून पहिल्या वर्षी अहवालांची संख्या वाढवण्यापेक्षा या एका प्रवाहावर माणसे लावावीत आणि बाहेरच्या गुणवत्ता परीक्षक संस्थेकडूनही त्याच नोंदी रुग्णांच्या फाइलींशी ताडून घ्याव्यात.

प्लॅन निघून जातात, हे गृहीत धरूनच करार लिहावा. केंटकीत ‘केंटकी स्पिरिट’ तोट्याचे कारण देऊन जुलै २०१३ मध्ये मुदतीआधी बाहेर पडला. आयोवात ‘अमेरीहेल्थ कॅरिटास’ नोव्हेंबर २०१७ अखेर आणि ‘युनायटेडहेल्थकेअर’ जून २०१९ अखेर गेले. टेनेसीने १ जानेवारी १९९४ रोजी एकाच दिवशी सर्व मेडिकेड प्लॅनकडे वळवले होते, आणि २००१ मध्ये ‘ॲक्सेस मेडप्लस’ या तिथल्या मोठ्या प्लॅनला बाहेर काढण्याची वेळ आली. अशा वेळी लाभार्थ्यांना उरलेल्या प्लॅनमध्ये कसे वाटायचे, त्या प्लॅनची तेवढे लोक घेण्याची क्षमता किती आणि चालू उपचारांच्या मंजुऱ्या कोणत्या फाइलमधून जातील, याचा आराखडा करारावर सही होतानाच तयार असावा आणि वर्षातून एकदा तो चालवून पाहावा. जाणाऱ्या प्लॅनने आधी किती महिने सूचना द्यायची, डॉक्टरांची मागे राहिलेली बिले भागवण्यासाठी किती महिने कचेरी चालू ठेवायची आणि शेवटच्या वर्षाच्या नोंदी राज्याला कोणत्या स्वरूपात द्यायच्या, हे करारात असावे. बिले बुडाली तर ती लाभार्थ्याकडून वसूल करता येत नाहीत, म्हणून त्यासाठीची हमी रक्कम कंपनीकडून पहिला मासिक हप्ता देण्याआधीच घेऊन ठेवावी.